तुझी कॉफी कोण करतं?

सोमवार, ९ जून

काट मारली. तांबड्या पेनानं, पट्टी ठेवून, सरळ. वाकडी मारली असती तर घाईत मारली म्हणून सोडून तरी दिलं असतं. कागदावर मी वाढवलेला माझा प्रश्न काटला आणीक वर मॅडम म्हणतात, "रुक्मिणी अम्मा, मनाला लावून घेऊं नका." मनाला नको तर कुठे लावून घेऊं, गुडघ्याला?

प्रश्न तरी काय होता. एवढाच. तुझी कॉफी कोण करतं?

या कुंभकोणमांत आल्यागेल्याला सगळे कॉफीच विचारतात. मी विचारली तर गुन्हा.

म्हणे मंजूर कागदावर हा प्रश्न नाही. तो कागद चेन्नईच्या कमिटीनं पास केलेला, त्यांत अक्षर वाढवायचं नाही. म्हणे हा प्रश्न बाईच्या मनांत नसलेलं घालतो. मी म्हटलं, आणि तुमचा तेरा नंबरचा? "आपण औषध नियमित घेता का? हो, नाही, कधी कधी." तीन चौकोन. जिला ठाऊकच नाही आपल्या पोटांत औषध जातं म्हणून, तिनं कुठल्या चौकोनांत खूण करायची?

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मुद्दा चांगला आहे, पण."

शिकलेल्या माणसांचं सगळं त्या पणापाशी येऊन बसतं.

मंगळवार, १० जून

राग उतरला नाही. तरी नीट मांडून ठेवते, नाहीतर महिन्यानं माझंच मला कळायचं नाही.

ऑफिसला द्यायचं टिपण तमिळींत देते. हे माझं, आपल्या घरच्या मराठींत. बाबांच्या भजनाच्या वहीवर बोट फिरवून अक्षरं शिकले तीच. ऑफिसांत कोणाला वाचतां येत नाही, घरांत वैनीलाही नाही. बहु सोयीचं.

गेल्या वर्षी मॅडम दवाखान्याच्या रांगेंत आल्या. मनाच्या आजाराचं औषध ज्यांनी घेतलंय त्यांनाच संशोधन शिकवणार म्हणाल्या. पेशंटनं पेशंटला विचारायचं, डॉक्टरनं नाही. रांगेंतल्या बायका पायाचे अंगठे बघायला लागल्या. मी हात वर केला. पांचवी पास, चालेल कां? चालेल. मग शिकवलं. संमती कशी घ्यायची. यंत्रांत आवाज कसा भरायचा. नाव कुठेच लिहायचं नाही. आपलं पुराण लावायचं नाही. उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसणं सोडून सगळ्यांत पास झाले. सर्टिफिकेट अण्णानं, माझ्या भावानं, देवांच्या ओळींत टांगलंय. त्याच्याच घरी राहते मी, नवरा गेल्यापासून.

जोडीला सेल्वी. तीही आमच्यासारखी औषध घेणारी, तिशीची, बोलते थोडं. यंत्र तिच्याकडे, तोंड माझ्याकडे.

आता कॉफी. नऊ वर्षांमागे टंब्लरच्या तळाशी पांढरा गाळ राहिला. बोटानं काढून चाखला. वैनी माझी गोळी कुटून कॉफींत घालत होती, दोन वर्षं. त्या दिवसापासून माझा फिल्टर वेगळा, पूड वेगळी, दूध वेगळं. पाहुण्यांना वाटतं मी सोवळ्याची. वाटूं दे.

गुरुवार, १२ जून

मॅडमना एक गोष्ट अजून ठाऊक नाही. सांगितली असती तर तीही काटली असती.

आम्ही कोणाच्या घरी गेलों की आजारी बाई मधोमध आणीक दोन्ही अंगांना घरचे. प्रश्न तिला, उत्तर सासूचं. "झोप येते कां?" "चांगली येते हो तिला." तिचं तोंड मिटलेलं. मग त्यांना बाहेर कसं काढायचं? काढायचंच नाही. जरा वेळानं ते आपणच आंत जातात, कारण घरी आलेल्याला कॉफी न देतां पाठवलं अशी अब्रू कुंभकोणमांत कोणाला परवडत नाही. मी म्हणते, "ताजं दूध तापवा हं, मला सकाळचं चालत नाही." दूध वर येईपर्यंत वेळ आमचा. आणि आंत भांडी वाजतात तेव्हां तोंडाशी दुसरा कुठला प्रश्न येणार? तुझी कॉफी कोण करतं, हाच.

नऊ बायकांना विचारला. एक हसून म्हणाली, "औषध? सोडून किती दिवस झाले. पण अक्का, आईच्या हातची कॉफी नसली तर डोळाच लागत नाही बघ." सेल्वीनं माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं.

ही तिरुनागेश्वरमची, गेल्या रविवारी भेटली. नाव लिहायचं नाही. अंगणांत जास्वंद आहे, म्हणून मी तिला जास्वंद म्हणते. हसून झाल्यावर एकदम गप्प झाली. मी टिपणांत लिहिलं, "गप्प झाली." आणि पांचची बस पकडली.

शुक्रवार, १३ जून

जास्वंदची आई ऑफिसांत आली. पदर खोचलेला, चपला हातांत.

"कोण ती बाई? कॉफी विचारणारी?"

मी उभी राहिले. "मी."

"चार दिवस झाले, माझी मुलगी घरचं पाणी पीत नाही. नळाला तोंड लावते. देवळांतल्या जेवणाच्या पंगतींत जाऊन बसते. मला म्हणते, तूं आधी पिऊन दाखव. आईला! तुम्ही माझ्या घरांत काय पेरून गेलांत?"

सगळं ऑफिस माझ्याकडे. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी बघून ती रडली.

नंतर मला आंत बोलावलं. "म्हणून कागद मंजूर करून घेतात, रुक्मिणी अम्मा. ज्या प्रश्नानं जखम होते त्याच्यामागे मलम तयार लागतं." मला उत्तर सुचलं नाही. हे लिहून ठेवते, कारण असं फार वेळां होत नाही.

मुलाखती बंद. कमिटीला कळवणार.

शनिवार, १४ जून

प्रश्न खरा होता. विचारून बस पकडली, ते खोटं. गाळ चाखला त्या दिवशी माझ्याजवळ कोण बसलं होतं? कोणी नाही. ठाऊक असून मी तेंच केलं.

उद्या जाते. मॅडमना फोन करून सांगितलं, परवानगी विचारली नाही. मॅडम म्हणाल्या, "यंत्र नेऊं नका." नाही नेत. सेल्वीला नेते.

रविवार, १५ जून

रविवार म्हणजे तिथल्या राहूच्या देवळांत राहुकाळच्या दुधाच्या अभिषेकाची गर्दी. बसमधे सेल्वीच्या पायावर कोणाचा नारळ पडला. ती हूं का चूं नाही. मी असते तर नारळ परत दिला नसता.

जास्वंद ओट्यावर बसलेली. ओठ सुकलेले. मला बघून उठली नाही.

"अक्का, तुला कसं कळलं?"

आपलं पुराण लावायचं नाही असं शिकवलंय. लावलं. "माझ्याही कॉफींत घालत होते."

"मग काय केलंस?"

"भांडले. मग फिल्टर विकत आणला."

"आणि गोळी?"

"घेते. माझ्या हातानं, पाण्याबरोबर. कडू लागते. पण कडू काय आहे ते मला ठाऊक असतं."

 आंत आई आपल्याशीच मोठ्यानं बोलत होती. विष घालते काय मी, नऊ महिने वाहिलं ते काय विष घालायला. मी उठून आंत गेले, म्हटलं, "अम्मा, गोळ्यांचं पाकीट कुठे आहे?" तिनं तांदळाच्या डब्यांतून काढलं, अगदी तळांतून. ओट्यावर आणून मुलीच्या हातांत ठेवायला लावलं. जास्वंदनं अक्षर अक्षर लावून नाव वाचलं. शाळेंतली पोर वाचते तसं.

"किती दिवस?"

"दोन दिवाळ्या," आई म्हणाली. "तूं विहिरीशी जाऊन उभी राहायचीस. मी काय करायचं होतं?"

जास्वंद म्हणाली, "मला सांगायचं होतं."

आई म्हणाली, "सांगितलं. तूं थुंकलीस."

दोघीही खरं बोलत होत्या. आमच्या कागदावर दोन खरं लिहायला जागा नाही, एकच रेघ असते.

सेल्वी सरकून जास्वंदजवळ बसली. आता म्हणाली, "बुधवारी दवाखाना आहे. तूंच विचार डॉक्टरला. आम्ही येतों." आणि तिनं पिशवींतून आपली पाण्याची बाटली काढून पुढे केली. आधी स्वतः घोट घेतला, मग दिली. जास्वंद प्यायली.

मजला हे सुचलं नव्हतं.

बुधवार, १८ जून

दवाखाना. जास्वंदनं प्रश्न हातावर पेनानं लिहून आणले होते. ही कशाची गोळी? कमी होईल कां? बंद केली तर काय होतं?

प्रश्न ती विचारते, डॉक्टर उत्तर आईला देतो. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "सर, प्रश्न या खुर्चींतून आला. मान इकडे."

डॉक्टर म्हणाला, "तुम्ही कोण?"

"संशोधक." सर्टिफिकेट आणायला हवं होतं.

पण मान फिरवली. नीट सांगितलं सगळं, एकदम थांबवूं नका, हळूहळू बघू, पुढच्या महिन्यांत परत या. वाईट माणूस नाही. सवय वाईट.

बाहेर येऊन जास्वंदनं नळाच्या पाण्यानं आजची गोळी घेतली. आई बघत होती, हात तोंडाशी. "उद्याचं उद्या," जास्वंद म्हणाली. घरच्या कॉफीचं काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

शुक्रवार, २० जून

कमिटीचं उत्तर आलं. मॅडमनी दार लावून वाचून दाखवलं.

एक, ज्या नऊ मुलाखतींत तो प्रश्न विचारला त्या पुऱ्या पुसायच्या, या महिनाअखेर. दोन, रुक्मिणी अम्मांना मुलाखतींतून काढून सल्लागार करायचं.

"सल्लागारानं काय करायचं?"

"वर्षांतून दोन बैठका. तुमचं मत फार मोलाचं आहे."

म्हणजे फोटोंत पुढची खुर्ची. नको.

मी संमतीचा कागद मागवला. पाठ आहे, तरी मागवला. बोट ठेवून वाचलं, "आपण आपलं बोलणं केव्हांही मागे घेऊं शकतां." मॅडमना विचारलं, ऑफिस ते मागे घेऊं शकतं, हे कुठल्या ओळींत आहे? या बायकांनी दूध तापेपर्यंतच्या वेळांत जीव काढून हातावर ठेवला. पुसायचं तर त्यांना विचारून पुसा. जास्वंदला झालं ती माझी चूक, तिची शिक्षा मजला करा. बाकीच्यांच्या तोंडावर बोळा कां?

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूची आहे."

"मग बाजूला बसूं नका. पुढे या."

फार बोलले कां? नाही.

रविवार, २२ जून

दोन दिवस सेल्वी नि मी फिरलों. गोविंदपुरम, मरुदानल्लूर, तिरुनागेश्वरम, बाकी गावांतल्या. नऊही जणींना एकच विचारलं. तुमचं बोलणं पुसणार आहेत. पुसूं द्यायचं कां?

गोविंदपुरमची, जी भजनाला पुढे बसते: "पुसायला ती काय पाटी आहे? ठेवा म्हणावं."

दुसरी एक: "मला वाटलंच, कोणी ऐकणार नाही. ठेवा तरी."

मरुदानल्लूरची म्हणाली पुसा. नवऱ्याला कळेल म्हणून भिते. मी तोंड उघडत होते, सेल्वीनं चिमटा काढला. बरोबर आहे. पुसा म्हटलं म्हणजे पुसा. तिचं पुसायचं.

जास्वंद शेवटी. ओट्यावर पितळेचा नवा फिल्टर, अजून कागदाची चिठ्ठी चिकटलेली. कॉफी तिनं केली, पाणचट झाली होती. आम्ही दोघींनी प्यायली. आईनंही, तोंड वाकडं करून. जास्वंद म्हणाली, काल गोळी घेतली नाही, आज घेतली. आई वाटीसारख्या डवऱ्यांत कॉफी उगाच वरखाली करत बसली.

"ठेवा," जास्वंद म्हणाली. "आणि अक्का, पुढच्या बाईला विचारशील तेव्हां बस चुकव."

मंगळवार, २४ जून

वैनी शेवग्याची पानं निवडत बसली होती. मी फोनवर सेल्वीशी कमिटीचं बोलत होते. फोन ठेवल्यावर वैनी मान खाली घालूनच म्हणाली, "सगळ्या गावाला विचारत फिरतेस. मला विचार की."

"काय विचारूं तुम्हाला?"

"तेंच. मी करत होतें ना कॉफी."

त्या एका भांडणानंतर नऊ वर्षांत या घरांत हा विषय निघाला नाही. फिल्टर दोन झाले, तेंच बोलणं.

वैनी बोलली. बोलत असतां पानं निवडणं थांबलं नाही. "तूं भिंतीशी बोलत होतीस, रुक्कू. जेवण फेकत होतीस. त्या वेळच्या डॉक्टरनं गोळ्या माझ्या हातांत दिल्या, म्हणाला कसंही करून द्या. कसंही म्हणजे कसं, हे कोणी शिकवलं मला? तुझ्या अण्णानं? ते तर उठून बाहेर गेले. मीच कुटली. आधी जिभेला लावून बघायची, किती साखर घातली की कळणार नाही. रोज. आणीक तूं म्हणायचीस, वैनी, आज कॉफी बेस झाली. घास उतरायचा नाही मग मला. दोन वर्षं. कोणी एक माणूस मला विचारायला आलं नाही. डॉक्टर नाही, तुझी कमिटी नाही." मग म्हणाली, "तूंही नाही."

मला बोलायचं बहु होतं. नऊ वर्षांचं साठलेलं. तुम्ही मला सांगायचं होतं, हे तर अगदी ओठावर. जास्वंदच्या आईचं उत्तर आठवलं. गप्प बसले. एक मिनिट, दोन मिनिटं, पानं संपेपर्यंत.

शिकवणींतला तेवढा एकच विषय राहिला होता. झाला पास.

माफ केलं असं लिहिणार नाही. फिल्टर दोनच राहतील. पण प्रश्न अर्धाच विचारत होते मी. कॉफी पिणारीला विचारलं, करणारीला विचारलंच नाही.

बुधवार, २५ जून

सेल्वीच्या घरी कागद केला. कॉफी करणारीसाठी दुसरा प्रश्न लिहिला: तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं, आणि तेव्हांपासून तुमचं कसं चाललंय? सेल्वीनं तिसरी ओळ घातली. हा प्रश्न विचारल्यावर दोन दिवसांत त्या घरी परत जायचं, तिसऱ्या दिवशी फोन, दवाखान्याला सोबत. "मलम," ती म्हणाली. मी म्हटलं हे माझ्या नावावर घाल, म्हणाली नाही, माझ्या. बरं. तुझ्या.

सेल्वी विचारत होती, कमिटीवाले नाही म्हणाले तर? नाही म्हणतील तेव्हां बघू. अजून म्हटलं नाही.

गुरुवार, २६ जून

पत्र दिलं. मॅडमच्या हातांत, सही घेऊन पोचल्याची. एक प्रत कमिटीला. सेल्वीचं अक्षर, तमिळ. माझ्यासाठी इथे आपल्या भाषेंत उतरवून ठेवते.

"कमिटीला नमस्कार.

आम्ही दोघी तुम्ही शिकवलेल्या संशोधक. मंजुरीशिवाय प्रश्न विचारला आणि विचारून निघून गेले, ही चूक माझी, रुक्मिणीची. ती लिहून घ्या. पुन्हा होऊं नये म्हणून काय करायचं ते सोबतच्या कागदावर आहे.

नऊ जणींना विचारलं. एक पुसा म्हणाली, तिचं आजच पुसा. आठ जणी ठेवा म्हणाल्या. त्यांचं पुसायचं असेल तर कमिटीनं स्वतः त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून, त्यांना सांगावं. पत्ते आम्ही देणार नाही, सोबत मात्र येऊं.

कॉफीचा प्रश्न कागदावर घ्या. पिणारीला एक, करणारीला एक. ज्या बैठकींत हे ठरेल तिथे आम्ही दोघी बसणार. सल्लागार म्हणून नाही.

उत्तर लेखी पाहिजे. सोमवार, तीस तारीख, सकाळी दहा. हो की नाही. तोंवर आठ मुलाखतींना हात लावायचा नाही."

मॅडमनी दोनदा वाचलं. "फारच सरळ लिहिलंय."

"पट्टी ठेवून," मी म्हटलं.

हसल्या. पहिल्यांदा. सोमवारी चेन्नईहून दोघं जण ऑफिसांत येणार आहेत असं मग हळूच सांगितलं.

घरी आले तर माझा जुना फ्लास्क वैनीनं माळ्यावरून काढून, घासून, ओट्यावर पालथा घातलेला. रिकामा. आंत काही भरलं नाही तिनं. तिला ठाऊक आहे.

मॅडमना आत्ताच फोन करून पत्रांत एक ओळ वाढवायला सांगितली. सोमवार, तीस, दहा वाजता मी दारांत असेन, उत्तर तयार ठेवा. आणि कॉफी विचारूं नका. माझी मी घेऊन येते.